प्रमोदच्या ऐवजी

त्या डोंगरावर प्रमोद खोब्रागडे अकरा वेळा गेला होता, तो नोकरीच्या कामासाठी. बाराव्या वेळी तो तिकीट काढून, पर्यटकांच्या बग्गीत बसून गेला, आणि त्याच्या शेजारी उज्ज्वलची बायको राणी बसली होती.

उज्ज्वल मेश्राम आणि प्रमोद दोघेही नागपूरचे, एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. सिंगापूरला आले तेही वर्षभराच्या अंतरानं, एकाच संशोधन संस्थेत. पूर्व जावातल्या एका जिवंत ज्वालामुखीच्या तोंडाशी या संस्थेनं वायू मोजणारी यंत्रं बसवली होती. तिथल्या आम्लयुक्त वाफेनं तारा कुरतडल्यासारख्या खाल्ल्या जात. दर दीड महिन्यानं दोघांपैकी एकानं विमानानं जायचं, डोंगर चढायचा, तारा बदलायच्या आणि परत यायचं. पाळ्या ठरलेल्या होत्या.

सिंगापुरात प्रमोद बेडोक भागात राहायचा, उज्ज्वल पासिर रिसला. रविवारी दोन्ही कुटुंबं बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एकाच टेबलावर जेवत. उज्ज्वल तिथली लाल चटणी बोटानं चाटून म्हणायचा, "भिवापुरी मिरचीपुढं हे म्हणजे गुलकंद आहे गुलकंद." त्याचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत. राणी त्याला कोपरानं ढोसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि प्रमोदच्या आर्याला खांद्यावर बसवून तो बाजारभर फिरवायचा.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत एका गुरुवारी डोंगरावर जायची पाळी प्रमोदची होती. नेमकी त्याच गुरुवारी दुपारी तांजोंग पगारच्या एका कंपनीत त्याची मुलाखत ठरली. संस्थेचा करार डिसेंबरात संपणार होता, पुढं वाढेल याची खात्री नव्हती. नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास जाणार, पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. आर्या तिसरीत होती. मुलाखतीची कुणकुण संस्थेत लागू द्यायची नव्हती, म्हणून त्यानं उज्ज्वललाही खरं सांगितलं नाही.

"आर्याला ताप आहे रे," तो फोनवर म्हणाला. "एकशे तीन. डेंग्यू असेल म्हणतायत."

"अरे, मग मला फोन कशाला करत बसलास? दवाखान्यात जा आधी," उज्ज्वल म्हणाला. "डोंगरावर मी जातो. परवा तसाही रिकामाच आहे."

एवढंच बोलणं झालं. प्रमोदला पुढं कितीदा तरी वाटलं, खरं सांगितलं असतं तरी उज्ज्वल गेलाच असता. वर "मुलाखतीला माझा निळा टाय घेऊन जा" असंही म्हणाला असता.

गुरुवारी प्रमोदची मुलाखत छान झाली. संध्याकाळी संस्थेतून फोन आला. डोंगरानं अचानक एक उसासा टाकावा तसा राखेचा नि दगडांचा फवारा उडाला होता. दोन मिनिटांत सगळं शांतही झालं. बरोबरची दोन स्थानिक माणसं खडकाआड सरकली म्हणून वाचली. उज्ज्वल तारांवर वाकलेला होता.

पासिर रिसच्या घरात बुद्धवंदना झाली त्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. राणी भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. प्रमोद आणि त्याची बायको एकता समोर जाऊन बसले तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, "आर्याचा ताप उतरला का?"

प्रमोदनं एकताकडं पाहिलं. एकतानं राणीचा हात हातात घेतला नि म्हणाली, "उतरला. बरी आहे आता."

त्या एका वाक्यानं खोट्याला दोघांची सही मिळाली. घरी आल्यावर दोघं त्याबद्दल बोलले नाहीत. पुढंही नाही.

नोकरी प्रमोदला मिळाली. राणीचा पास नवऱ्याच्या पासावर अवलंबून होता, त्यामुळं ती महिन्याभरात नागपूरला परतली आणि एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. इकडं दर चौदा एप्रिलला आपली मंडळी हॉल घेऊन जयंती साजरी करत. पहिल्याच वर्षी कार्यक्रमाचं बघणाऱ्या पद्माकर रामटेक्यांनी उज्ज्वलबद्दल बोलायला प्रमोदला माईकपुढं उभं केलं. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तोंडून निघून गेलं, "माझी मुलगी आजारी होती, म्हणून तो माझ्याऐवजी गेला." सगळ्यांचे डोळे पाणावले. प्रमोदही रडला. दुसऱ्या वर्षी लोकांनी तेच ऐकायचं म्हणून त्याला बोलावलं.

यंदा जूनच्या सुट्टीत राणीचा फोन आला. "भाऊजी, मला ती जागा एकदा बघायची आहे. तुम्ही न्याल का?"

संस्थेचं तिथलं काम केव्हाच बंद झालं होतं. आता डोंगराभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात आतपर्यंत जायचं तर गाइडसह बग्गीची सफर घ्यावी लागे. प्रमोदनं दोघांची नोंदणी केली, आणि राणी नागपूरहून बेडोकला त्यांच्याकडं आली. निघायच्या दिवशी एकता त्याच्या पिशवीत औषधं ठेवत म्हणाली, "तिथं जाऊन काही बोलायचं मनात असेल तर आधी विचार करा. सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

"मी काही सांगणार नाही," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

बग्गी म्हणजे जाडजूड चाकांची, लोखंडी सांगाड्याची उघडी गाडी. चालवणारा गाइड पन्नाशीतला होता, नाव सुगेंग. त्यानं दोघांना हेल्मेट, चष्मे आणि तोंडाला बांधायला फडकी दिली. सकाळचे नऊ वाजले होते. उद्यानाचं फाटक मागं पडलं आणि हिरवं असं सगळं संपलं. दोन्ही बाजूंना करड्या राखेचं माळरान, चूल सारवून ठेवावी तसं गुळगुळीत. मधूनच काळ्या दगडांचे ढीग. बग्गी उसळत होती, राणीनं समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गंधकाचा वास आला तसं तिनं विचारलं, "हाच का तो वास? त्याच्या शर्टांना यायचा. दोनदा धुतले तरी जायचा नाही."

"हाच," प्रमोद म्हणाला.

सुगेंग बडबड्या होता. इंग्रजीतून माहिती देत होता: हा कडा किती जुना, ही राख कुठल्या साली पडली, इथं फोटो चांगला येतो. राणी शाळेतल्या बाईंसारखी लक्ष देऊन ऐकत होती. एकदा तर तिनं उतरून पिवळा खडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

शेवटच्या चढावर कठडा लागला. पलीकडं दरीएवढं मोठं तोंड, तळातून पांढरी वाफ निघत होती. सुगेंगनं इंजिन बंद केलं आणि कठड्याबाहेरच्या एका उंचवट्याकडं बोट दाखवलं. पर्यटकांना जरा घाबरवायला सांगायची त्याची ही रोजची गोष्ट असावी.

"तिथं जायचं नाही हं. चार वर्षांपूर्वी सिंगापूरचा एक माणूस तिथं सेल्फी काढायला गेला. इंडियन होता. डोंगराला राग आला. खलास."

राणीनं त्या उंचवट्याकडं पाहिलं. मग तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. आवाज अजिबात चढला नाही.

"तो सेल्फी काढत नव्हता. यंत्राची तार बदलत होता. तुमच्या गावाला आधी कळावं म्हणूनच ती यंत्रं होती. मी त्याची बायको."

सुगेंगनं टोपी काढली, माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. राणीनं त्याला हातानंच थांबवलं.

"तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल. पण आता खरं सांगत जा. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती. हे त्याचे मित्र, यांची होती. यांची मुलगी तापानं फणफणली होती. बापानं तिच्याजवळ राहावं म्हणून तो आला. असं सांगत जा लोकांना."

सुगेंगनं प्रमोदकडं वळून दोन्ही हात छातीशी जोडले. "मुलगी बरी आहे ना आता, सर?"

परक्या देशातला हा माणूस उद्यापासून रोज, प्रत्येक बग्गीतल्या लोकांना, आर्याच्या तापाची गोष्ट सांगणार होता.

"वहिनी," तो मराठीत म्हणाला, "आर्याला ताप नव्हता."

राणीला ते कळलं नाही. "काय?"

"ताप नव्हता. माझी मुलाखत होती. आता करतोय त्या नोकरीची. संस्थेत कळेल म्हणून मी उज्ज्वलशी खोटं बोललो."

सुगेंगला भाषा समजत नव्हती, पण काहीतरी घडलं एवढं समजलं. तो लांब जाऊन चाकाशी उगाच खुडबुड करू लागला. प्रमोदला वाटलं होतं, राणी ओरडेल, मारेल. तो त्याची वाटही बघत होता.

"खरं सांगितलं असतं तरी तो आला असता," ती शेवटी म्हणाली.

"हो. माहीत आहे मला."

"मग मला का सांगितलंत?" तिनं विचारलं. "चार वर्षं मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, भाऊजी. सासू म्हणायची, त्या मित्रामुळं गेला. मी म्हणायची, नाही आई, लेकरू आजारी होतं. लेकराच्या तापावर राग धरता येत नाही ना? तेवढ्यावर मी उभी होते. एका लेकराला बाप मिळाला त्या दिवशी, असं म्हणून मी सकाळी उठत होते. तुम्हाला आता हलकं वाटत असेल. मी काय करू ते सांगा."

प्रमोदला हलकं वाटत नव्हतं.

तिनं पर्समधून आणलेली मेणबत्ती काढली. वारा फार होता, काडी विझत राहिली. प्रमोद आडोसा करायला पुढं झाला तशी ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या." मग सुगेंग आला आणि त्यानं आपली टोपी आडवी धरली. मेणबत्ती क्षणभर पेटली. राणीनं त्रिशरण म्हटलं. प्रमोद बग्गीशी उभा राहून ओठ हलवत होता.

उतरताना ती मागच्या सीटवर बसली.

सिंगापूरला त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. राणीचं सामान बेडोकच्या घरी होतं आणि आणखी दोन दिवस तिचा मुक्काम ठरला होता. एकतानं दार उघडलं. राणीनं चपला काढल्या आणि उभ्या उभ्या विचारलं, "तुला माहीत होतं?"

एकतानं प्रमोदकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

राणीनं बॅग भरली. तिकीट त्याच दिवशीचं करून घेतलं. चांगी विमानतळावर प्रमोद बरोबर गेला. ती नको म्हणाली नाही आणि चलाही म्हणाली नाही. बॅग उचलायला त्यानं हात पुढं केला तेव्हा तिनं ती दुसऱ्या हातात घेतली.

"त्याच्याबद्दल लोकांपुढं बोलता ना तुम्ही? रामटेक्यांनी मला व्हिडिओ पाठवले होते," ती म्हणाली. "आता नका बोलू. माझ्या माणसाचं नाव तुमच्या तोंडी नको." आणि ती आत गेली.

तो घरी आला तेव्हा एकता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"त्या खोट्यात मीही होते," ती म्हणाली. "मोडायचं होतं तर मला निदान विचारायचं होतं." आणि तिनं भाताचा कुकर धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

आर्या तिच्या खोलीत टेबलाशी बसली होती. तेरावं वर्ष लागलं होतं तिला. राणीमावशी अशी न बोलता का गेली, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. प्रमोद पलंगाच्या कडेवर बसला आणि तिला सगळं सांगितलं. मुलाखत, फोन, डोंगर. आपण इतकी वर्षं हॉलमध्ये तिच्यादेखत काय बोलत आलो, हे त्याला बोलता बोलता पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

आर्यानं पेन खाली ठेवलं.

"आय नो लाह, पप्पा," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी सिक नव्हते. दॅट डे आमचं स्विमिंग होतं स्कूलमध्ये. मी फर्स्ट टाइम डीप साइडला गेले होते. आय रिमेंबर."

"मग कधी बोलली का नाहीस, बेटा?"

"तुम्ही स्टेजवर क्राय करत होता," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडं बघायचे. आंटी लोक मला हग करायचे. मला वाटलं, मेबी आय वॉज सिक, मेबी मीच विसरले. नंतर कळलं, नाही." ती खुर्चीत त्याच्याकडं वळली. "काका माझ्यामुळं नाही ना मेले?"

"नाही. तुझा काही संबंध नाही त्याच्याशी. अजिबात नाही."

"ओके," आर्या म्हणाली.

तिनं पेन उचललं आणि अर्धवट राहिलेलं गणित पुढं सोडवायला घेतलं. प्रमोद तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं, वहीतून मान वर न काढता, ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आता बाहेर बसाल का? प्लीज."

तो उठला आणि दार ओढून घेऊन बाहेर आला.