कुंपणाच्या कोणत्या बाजूला

बेल्जियममधल्या, जर्मन सीमेलगतच्या ऑयपेनच्या एकाच नोटरी कचेरीत सदतीस वर्षं कारकुनी करून हुबर्ट कोकार्ट्झला एक गोष्ट पक्की कळली होती. माणसं घर घेताना दहा जणांना विचारतात, मृत्युपत्र मात्र हाताला लागेल त्या कागदावर लिहितात. त्याच्या कपाटात पाकिटांच्या पाठीवर, औषधाच्या चिठ्ठीवर, अगदी कॅलेंडरच्या पानावरही लिहिलेली मृत्युपत्रं होती. प्रत्येकाला त्यानं क्रमांक दिला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हा माणूस लिहिताना नेमका कुठे बसला असेल?

इतकी वर्षं हे नुसतं कुतूहल होतं. आस्ट्रिड पोके आली आणि तो प्रश्न कामाचा झाला.

आस्ट्रिड अकॉर्डियन दुरुस्त करायची, घरामागच्या शेडमध्ये. घर तिच्या सावत्र वडिलांचं, मॅथ्यू राडरमेकर यांचं. चार वर्षांची असल्यापासून त्यांनी तिला वाढवलं, पण दत्तक घेण्याचं कागदोपत्री राहूनच गेलं. आई आधीच गेली होती, मार्चमध्ये तेही गेले. मागे राहिला एक पिवळा कागद. एका बाजूला कुठल्याशा कॅफेतल्या पदार्थांची यादी, दुसऱ्या बाजूला मॅथ्यूंच्या अक्षरात लिहिलेलं की, आम्हा दोघांनंतर घर आस्ट्रिडचं. खाली नवरा-बायकोच्या सह्या आणि ‘कॉन्झेन, १४ जून २०१४’.

“दोघांनी एकाच कागदावर?” नोटरीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “पलीकडच्या जर्मनांचं बघून केलंय. तिकडे चालतं, आपल्याकडे बेल्जियममध्ये नाही.”

“पण कॉन्झेन जर्मनीत आहे, बाई,” हुबर्ट म्हणाला. “जिथे लिहिलं तिथल्या रीतीत बसलं, तर आपणही मानतो.”

“मग झालं की.”

“कुठलं झालं? कॉन्झेनमधून जुनी रेल्वे जाते.”

नोटरीबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून कागद पुन्हा पाहिला. रूळ उखडून तिथे आता सायकली धावतात, पण ती पट्टी अजून बेल्जियमची आहे, दोन्ही अंगांना जर्मनी असला तरी. मॅथ्यूंच्या अँटवर्पमधल्या पुतण्याच्या वकिलालाही हे ठाऊक होतं. त्याचं पत्र आलंच होतं: ही यादी रेल्वेच्या जुन्या डब्यात चालणाऱ्या कॅफेची आहे, डबा त्या पट्टीवर उभा आहे, सबब कागद बेल्जियममध्ये लिहिला गेला आणि बाद आहे. कागद बाद झाला तर घर पुतण्याचं.

शनिवारी हुबर्टनं सायकल काढली.

“सुट्टीच्या दिवशीही मेलेल्यांची चौकशी?” बायको मार्लिस म्हणाली.

“जिवंत आहे ती. अकॉर्डियन दुरुस्त करते.”

कॅफेची मालकीण रेझी टेबलं पुसत होती. हुबर्टनं कागदाची प्रत दाखवली.

“पिवळा होय? मग बागेतला. डब्यातला पांढरा असतो.”

“दोन याद्या कशाला?”

“डबा बेल्जियममध्ये, कुंपणामागची बाग जर्मनीत. दोन परवाने, दोन तपासनीस. डब्यात बटाट्याचे तळलेले काप, बागेत बटाट्याचं सॅलड. दोघे एकाच दिवशी उगवले तर मी कुंपणावर चढून बसते.”

हुबर्टला हसू आलं, पण त्यानं वहीत काही लिहिलं नाही. यादी बागेतली असेल, पण कागदाला काय, कुणीही उचलून डब्यात नेईल. तो डब्याकडे गेला. चढायला लोखंडी पायऱ्या तीन, एकेक गुडघ्याएवढी, आणि कठडा नाही.

“या पूर्वीपासून अशाच?”

“डब्याबरोबरच आल्या. ज्याचे पाय धड त्यानं डब्यात बसावं, बाकीच्यांनी बागेत.”

हुबर्टनं स्वतः चढून पाहिलं. मग तो उतरला आणि त्यानं आस्ट्रिडला फोन लावला.

“चौदा सालच्या जूनमध्ये तुझ्या आईची तब्येत कशी होती?”

“मे महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. कुबड्या होत्या. बाबाच गाडीतून हिंडवायचे. का हो?”

“इस्पितळाचे कागद असतील?”

“आई दुधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा टाकायची नाही.”

तेव्हा कुठे हुबर्टनं वही उघडली. पायऱ्यांची उंची मोजून लिहिली आणि खाली रेझीची सही घेतली.

कुबड्यांवर त्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, म्हणजे सह्या बागेतच झाल्या; ती नोंद आणि इस्पितळाचे कागद पाहून पुतण्याच्या वकिलानं तीन आठवड्यांनी कळवलं की अशिलाला वाद वाढवायचा नाही, फक्त आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ हवं आहे.

“ते माझ्या जन्मात चाललं नाही,” आस्ट्रिड म्हणाली. “खुशाल नेऊ दे.”

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मार्लिसनं विषय काढला. “आपणही लिहून टाकू या का? एका कागदात काम होईल.”

हुबर्टनं दोन कोरे कागद काढले. “तू स्वयंपाकघरात बस. मी इथे.”

“सदतीस वर्षांत एवढंच शिकलास?”

“आणि वर जागा लिही. नुसतं गाव नको. घर, खोली, खुर्ची.”

थोड्या वेळानं आतून आवाज आला, “खुर्ची कुठली लिहू? धड की तू दुरुस्त केलेली?”