पाण्यातले हात

सुखदेव ओव्हाळांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून बत्तीस वर्षं काढली. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही, हे घरात त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मुलगी आम्रपाली त्यांची नक्कल करायची. आणि आता तीच पाण्यात हात बुडवून त्यातून वीज सोडायचं मशीन घेऊन आली होती.

आम्रपालीच्या तळहातांना शाळेपासून घाम. परीक्षेत हाताखाली रुमाल लागायचा. आयटी कंपनीत लागल्यावर हजेरीचं यंत्र तिचा ओला अंगठा ओळखेना, मागे रांग खोळंबायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी हा उपाय सुचवला आणि दवाखान्यात दोनदा करून दाखवला.

आधी स्वतःच्या हातावर करून बघायचं, असं सुखदेवांनी ठरवलं. पण पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं, पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये. त्यांना तो बसवून दोन वर्षं झाली होती. त्यांनी पुस्तिका मिटून तिच्याकडे दिली.

"पप्पा, तुम्ही शेजारी बसा. तेवढं पुरे," आम्रपाली म्हणाली.

तिनं अंगठी, घड्याळ काढलं. बोटावर विळीनं कापलं होतं, तिथं व्हॅसलिन लावलं. तळवे बुडतील एवढंच पाणी मशीनच्या दोन्ही ट्रेमध्ये घेतलं, हात बुडवले आणि कोपरानं बटण फिरवत करंट शून्यापासून हळूहळू वाढवला. मुंग्या येऊ लागल्या. तेवढ्यात दाराची बेल वाजली, तिनं दचकून हात बाहेर ओढला आणि चांगलाच झटका बसला. सुखदेवांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर फोनवर म्हणाले, काही झालेलं नाही, पण आधी करंट शून्यावर आणायचा, मगच हात काढायचे. त्या दिवसापासून बटण सुखदेव फिरवू लागले. दर टप्प्याला विचारायचे, "टोचतंय का?" ती हो म्हणाली की लगेच खाली.

वीस मिनिटं हात पाण्यात असल्यानं तिला मोबाइलही धरता येईना. मग ते कारखान्यातले पहिले दिवस सांगू लागले, जे कधीच बोलले नव्हते. तिचं नाक खाजलं, तर तेच खाजवून द्यायचे.

तीन आठवड्यांनी एके संध्याकाळी आम्रपालीनं बोलता बोलता त्यांच्या हातावर हात ठेवला, ओढणीला न पुसता. सुखदेवांनी खाली पाहिलं. तळवा कोरडा होता, थोडा खरखरीतही.

"क्रीम लावत जा," ते म्हणाले, आणि हात तसाच राहू दिला.

आता आठवड्यातून एकदा पुरेल, असं डॉक्टर म्हणाले. दोघांनी रविवारची सकाळ ठरवली.