कोरड्या काचेवर फिरलेला वायपर

भूत, करणी, भानामती... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईलासुद्धा मी आधी विचारते, सकाळपासून पोटात काही गेलंय का म्हणून. माझं माहेर सोनाळ्याचं, घरचा भाजीचा मळा. वांगं दाबून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही आणि माणूस पारखल्याशिवाय मानायचा नाही, हे तिथंच शिकले. तरी आज हे लिहायला बसले आहे, कारण जे घडलं ते मी नीट दाबून पाहिलं आहे आणि ते मला अजून कळलेलं नाही.

माझे यजमान खामगावला वकिली करायचे. जळगाव जामोदकडचे त्यांचे पक्षकार बरेच, म्हणून नांदुऱ्यावरून तिकडे सारखं जाणं-येणं असे. त्यासाठीच जुनी का होईना, मोटर घेतली होती. मोटर थांबली की ते पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेलेच म्हणून समजा. त्यांच्यावरच तर आमचं घर चालत होतं.

मोटर हे स्वतः चालवत. आणि दोनेक वर्षांपासून एक नवीनच खूळ निघालं होतं — प्रत्येक फेरीला मी शेजारी हवीच. गावात लोक हसत. "वकीलसाहेब बायकोले सोडून येशीबाहेर जात नाईत," म्हणत. मला आतून बरं वाटे, खोटं कशाला बोलू. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा एकाएकी सोबत मागू लागला, तर कुठंतरी पाणी मुरतंय अशी शंका येणारच. मी दोन-तीनदा पक्षकारांची यादी ऐकून घेतली, त्यात कुणी बाई आहे का ते पाहिलं. नव्हती.

आता वायपरचं सांगते. आमच्या मोटरीला एकच वायपर, तोही हाताने चालवायचा. काचेच्या वर, आतल्या बाजूला, दोघांच्याही हाताला येईल अशी एक दांडी होती. पाऊस आला की ती मी हलवायची, म्हणजे बाहेरची पट्टी ह्यांच्या समोरची काच पुसे. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हानं त्या पट्टीचं रबर भेगाळून गेलं होतं. तेव्हा जर्मनीची लढाई चालू, रबर महाग. अकोल्याच्या दुकानात कागदात गुंडाळलेली कोरी पट्टी मिळत होती, पण किंमत ऐकून मी ती परत कागदात गुंडाळली. खामगावचा सायकलवाला म्हणाला, जुन्या ट्यूबची कापून देतो. पण ती मऊ पडते आणि काचेला चिकटते. मग एका जुन्या सामानवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात आरसा होता. त्यावर पाणी शिंपडून मी त्याच्याकडची एकेक पट्टी ओढून पाहिली, वासही घेतला. एक पट्टी बरी निघाली.

"कोन्या मोटरीची हाय ही?" मी विचारलं.

"साहेबाची होती, बाई. एकच पावसाळा पाह्यला हिनं."

"मंग विकली काऊन?"

"बाई, मी रबर इकतो. लोकायचे किस्से नाई इकत."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. पण पट्टी सस्ती होती.

पहिल्याच पावसात तिनं काचेवर एक ओघळ सोडला आणि हे भडकले. मागच्या बाकावर त्यांचा कारकून बसलेला. मी पट्टीची बाजू घेतली, तेवढ्यात समोर ढोरं दिसली म्हणून सवयीनं म्हटलं, "जपून, ढोरं हायेत." झालं... "बसल्या बसल्या सारखं ढोर आलं, गाडी आली! मले दिसते सगळं. तोंड बंद ठेव," हे म्हणाले. कारकून खाली मान घालून हसला. तो मला आरशात दिसला.

मी ठरवलं, आता ह्या मोटरीत एक शब्द बोलायचा नाही. आणि माझा अबोला म्हणजे साधासुधा नसतो.

पुढच्या फेरीला लख्ख ऊन होतं. पूर्णा ओलांडून आम्ही जळगावच्या रस्त्याला लागलो होतो. मी तोंड फिरवून शेतं पाहत बसलेले. डाव्या पांधीतून, शेतातल्या वाटेनं, एक कडब्याची गाडी रस्त्यावर येत होती. मला दिसली, पण मी बोलले नाही. दिसते ना सगळं? मग पाहा! तेवढ्यात खर्र आवाज झाला. कोरड्या, धुळीच्या काचेवर ती पट्टी एकदा इकडून तिकडे गेली. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि कडब्याची गाडी अगदी नाकासमोरून गेली.

मी आधी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात चाकावर. माझे मांडीवर. कारकून मागं घोरत होता. हे माझ्याकडे न पाहता किंचित हसले, ते हसणं मला फार संशयास्पद वाटलं.

हादऱ्यानं हललं असेल म्हणून खामगावच्या मिस्त्रीकडून दांडीचा नट घट्ट करून घेतला. इतका घट्ट, की मला दांडी हलवायला दोन हात लागत. तरी जळगावच्या बाजाराजवळ पुन्हा तेच झालं. डाव्या बाजूनं शेळ्या आल्या, पट्टी खर्रकन फिरली, ब्रेक लागला.

मी तडक त्या सामानवाल्याकडे गेले. "खरं सांग, कोनाचा जीव गेला त्या मोटरीत?"

"अवो बाई," तो म्हणाला, "एवढ्या सस्त्या रबरात भूत कोन टाकून देते?"

दुसरी पट्टी घ्यावी असं मनात आलं. पण आता संशयाचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. कडब्याची एवढी मोठी गाडी... ती मला दिसली आणि ह्यांना नाही?

एकदा नांदुऱ्याला मोटर उभी असताना ओळखीचे एक पाटील ह्यांच्या खिडकीशी येऊन राम राम म्हणाले. आवाज ऐकल्यावरच हे वळले. नंतर आम्ही दोघंच असताना मी माझा हात ह्यांच्या कानाजवळ नेला आणि हळूहळू पुढं आणला. हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत ह्यांना पत्ता नव्हता.

"अहो, तुमाले बाजूचं दिसत नाई."

हे म्हणाले, "दोन वर्सं झाले. समोरचं दिसते, कागद वाचता येते. बाजूचं गेलं. डाक्टर म्हन्ते, उरलेलंबी जाईन."

दोन वर्षं! म्हणजे मला शेजारी बसवायला लागल्यापासून. माझी बडबड हवी होती, मी नव्हे. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"आंधळ्या वकिलाकडे कोन येते? कारकुनाले कळलं की गावाले कळलं." मग माझा हात चाचपून धरत म्हणाले, "अन् तुले तं कळलंच होतं ना. मी तोंड बंद ठेव म्हनलं, तं तू न बोलता काच पुसून इशारा देत गेली. चारचौघांत माही लाज राखली. मले तुहा हात दिसत नाई, पन समजत होतं."

खरं सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांत न पाहिलेलं समाधान होतं.

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्यानंतर आम्ही ड्रायव्हर ठेवला. वकिलीही दोन-तीन वर्षं बरी चालली, मी कागद वाचून दाखवत असे. ड्रायव्हरच्या हाती असताना ती पट्टी कोरड्या काचेवर कधीही हलली नाही. मी टक लावून पाहत असे. शेवटी तिचं रबर झिजून गेलं, मोटरही विकली. शिकलेल्या माणसांना विचारलं, त्यांनी हवेचा दाब, उतार, स्प्रिंग असलं बरंच सांगितलं. त्या मोटरीच्या वायपरला स्प्रिंगच नव्हती. काय होतं ते मला आजही माहीत नाही.

आता ह्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी हे ज्या मासिकाला पाठवते आहे, ते दर महिन्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मीच त्यांना वाचून दाखवते. हे छापून आलं तर एवढी दोन पानं गाळून वाचेन.