बागेतली आगगाडी

नगर शहराबाहेरची आमची वसाहत सिटी बस आणि बागेतली छोटी आगगाडी दाखवून विकली गेली. दोन्ही बंद पडल्या. आता गाडी ‘नादुरुस्त’ ठरवून बागेत गाळे बांधण्याचा बिल्डरचा घाट आहे. हा उघड विश्वासघात आहे, असे मी महापालिकेला प्रत्येक पत्रात कायद्याची कलमे घालून लिहितो. बागेचा माळी, ज्याचे नाव मला आजही ठाऊक नाही, रोज सकाळी टोपी डब्यावर ठेवतो, चाकांना तेल देतो आणि गाडी हाताने पुढेमागे ढकलतो.

“हे काम तुम्हाला कोणी सांगितले?” एका सकाळी मी विचारले.

“तुमाला पत्रं लिवायला कुनी सांगितलं, साहेब?” तो हसला. “गंजली की भंगार म्हनत्यात. फिरतीय तवर कसं म्हनतील?”

त्या दिवशीच्या पत्रात मी एकही कलम घातले नाही. ‘गाडीची चाके फिरतात, समक्ष येऊन ढकलून पाहावी,’ एवढेच लिहिले.