नर्सबाईंची हद्द

त्या रविवारी मला सगळ्यात मागे राहायला सांगितलं, तेव्हा मी मनातून चांगलीच चिडलेले.

आमच्या डोंबिवलीच्या सायकल ग्रुपचा नियम आहे. राइडला दहा माणसं असोत की साठ, एक जण ठरवून सगळ्यांच्या मागे ठेवायचा. त्याने कोणालाही ओलांडायचं नाही. कोणाची सायकल पंक्चर झाली, कोणाला दम लागला, कोणी रस्ता चुकलं, तर सोबत थांबायचं. हे काम आळीपाळीने येतं आणि माझी पाळी मी दोनदा शिताफीने टाळलेली. मला वेगात जायला आवडतं. शाळेनंतर सुटलेली सायकल मी चाळिशीत पुन्हा हातात घेतली आणि आता पुढच्या पाच-सहा जणांत असायचे. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या ग्रुपांचा एकत्र कार्यक्रम होता. सगळ्यांनी आपापल्या ठिकाणाहून निघून नौपाड्यातल्या एका शाळेच्या मैदानावर भेटायचं, नाश्ता करायचा, आणि सायकलची चेन कशी साफ करायची, ब्रेक कसे आवळायचे हे नवीन लोकांना दाखवायचं, असं ठरलेलं. आमचा रस्ता काटई नाका, शीळफाटा, मुंब्रा, कळवा असा होता. ग्रुपचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज तू मागे. नवीन लोक बरेच आहेत. आणि त्या काकूंकडे जरा लक्ष ठेव."

काकू रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या, सडपातळ, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. ग्रुपने दिलेलं हेल्मेट त्यांना मोठं होत होतं. सायकल बिनगिअरची, पुढे बास्केट असलेली, नातीची. घराखालचा बॅनर वाचून आल्या होत्या. मी विचारलं, "काकू, एवढं लांब जमेल ना? याआधी कधी चालवलीय का रस्त्यावर?"

"चालवलीय थोडी," त्या म्हणाल्या.

काटई नाक्यापर्यंतच बाकी सगळे दिसेनासे झाले. काकू एका संथ, ठरलेल्या गतीने पायडल मारत होत्या. चढ आला तरी तीच गती, उतार आला तरी तीच. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवायच्या, गल्लीत कोणी नसलं तरी. मी मागून ब्रेक दाबत, पाय टेकत चाललेले. मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता अरुंद झालेला, बाजूने ट्रक जात होते, नाकातोंडात धूळ. न राहवून मी म्हटलं, "काकू, मागून आपल्या ग्रुपचा सामानाचा टेम्पो येतोय. सायकल त्यात चढवू या का? थेट मैदानावर उतरू."

"तुला घाई असेल तर तू हो पुढे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला रस्ता बघायचाय. टेम्पोतून काही दिसत नाही."

बघण्यासारखं काय होतं तिथे? वीस वर्षं मी त्या रस्त्याने जातेय. टॉवर, शोरूम, टॉवर, हॉटेल, पुन्हा टॉवर. पण थोडं पुढे गेल्यावर त्या एका टॉवरच्या गेटसमोर थांबल्या आणि हाताने हवेत एक रेघ ओढली. "इथून बांध जायचा. पावसात चिखल व्हायचा. मग सायकल खांद्यावर घ्यायची आणि पेटी डोक्यावर."

"कसली पेटी?"

"लशीची. थंड ठेवायला लागायची ना. बर्फ वितळायच्या आत पाचही गावं करायची."

तेव्हा मला कळलं. त्या या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. पहिली नेमणूक इथेच, मग जवळपास अठरा वर्षं. एसटी दिवसातून दोनदा यायची, म्हणून उपकेंद्रामागच्या खळ्यावर पडत-झडत सायकल शिकल्या. काटईपासून शीळफाट्याच्या अलीकडेपर्यंत त्यांची हद्द. त्यातली सगळी घरं, सगळ्या गरोदर बायका, सगळी पोरं त्यांच्या वहीत. पुढे बदली झाली, नंतर निवृत्त झाल्या, आणि इतक्या वर्षांत या रस्त्यावर त्या परत कधी उतरल्याच नव्हत्या.

"दोन मिनिटं आत जाऊन येऊ?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. डॉक्टरांचा फोन येऊन गेलेला, पुढचे लोक मुंब्र्याला पोचलेले. पण नियम नियम असतो. त्यांच्या पुढे जाता येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या मागे वळले.

दोन टॉवरांच्या कुंपणांमधून एक बोळ गेला होता. बाहेरून वाटावं, पार्किंगचा रस्ता असेल. आत गेलो आणि मी थक्क झाले. आत आख्खं गाव होतं. मारुतीचं देऊळ, विहीर, शेवग्याची झाडं, कौलारू घरं आणि त्यांना चिकटून तीन-तीन मजली बंगले. एका ओट्यावर सुकट पसरलेली. माझ्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर हे गाव होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गावाच्या तोंडाशी काकू थांबल्या. घंटी वाजवली. तीनदा, मध्ये थोडं थांबून. मग नुसत्या उभ्या राहिल्या.

एका कौलारू घराच्या दारातून एक अगदी वाकलेली म्हातारी बाहेर आली. कपाळावर हात धरून तिने उन्हातून बघितलं. "कोन गो? बाय आयली का?"

"आले, आजी."

"अगो बाय!" म्हातारीने हातातलं सूप तिथेच टाकलं. "कवरी वर्सां झाली गो! कवरी म्हातारी झालीस तू!"

मग तिने अशी काही हाक मारली की शेजारच्या तीन घरांतून बायका बाहेर आल्या. बाय आली, डोसवाली बाय आली. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. तीन घंट्या म्हणजे पोरांना घेऊन विहिरीपाशी या, हे त्या गावातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक बाईला अजून माहीत होतं.

समोरच्या बंगल्यातून चाळिशीचा एक दांडगा माणूस निघाला. बिनबाह्यांचा बनियन, गळ्यात जाड साखळी, हातात गाडीची चावी. काय गलका आहे म्हणून बघायला आलेला. म्हातारी त्याच्यावर ओरडली, "अरे, इकरं ये! बायला हात दाखव!"

तो गोंधळून पुढे आला. काकूंनी त्याचा डावा दंड धरला, उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने वरच्या बाजूला चाचपलं. तिथे एक छोटा, गोल, खोलगट व्रण होता. क्षयाची लस टोचल्यावर तान्ह्या बाळाच्या दंडावर उठतो, तो.

"माझाच आहे," काकू म्हणाल्या. "मी थोडी वर टोचायचे. मोठ्या नर्सबाई ओरडायच्या मला."

त्या माणसाने आपल्याच दंडाकडे असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतोय. मग चावी खिशात टाकून त्यांच्या पाया पडला. पाठोपाठ एका सुनेने बाही वर केली, "माझा नको बघू बाय, माझं माहेर दिव्याला," म्हणून हसली आणि नवऱ्याला पुढे ढकललं. त्याचाही व्रण तसाच, जरा वर. रिक्षा पुसणारा एक जण आला. देवळाच्या पायरीवरून दोघे उठून आले. एकेक जण बाही सारत होता आणि काकू अंगठ्याने चाचपून, क्वचित डोळे बारीक करून, कोणाचा मुलगा ते सांगत होत्या. दोनदा चुकल्या. बाकी सगळे बरोबर.

मी सायकल धरून उभी होते. समोर उभ्या असलेल्या त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या दंडांवर या एका बाईचा हात उमटलेला होता, आणि ती बास्केटच्या सायकलवरून माझ्या पुढे चालली असताना मी तिला टेम्पोत चढवायला निघालेले.

चहा झाला. निघताना काकूंनी म्हातारीला हळूच विचारलं, "नाल्यापलीकडची? ती आहे का?"

म्हातारीने मान हलवली. "गेली. दोन वर्सां झाली."

बोळातून बाहेर येऊन आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. एका सोसायटीच्या पार्किंगपाशी काकूंनी पाय टेकला. तिथे फरशा घातलेल्या, दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या. "इथे नाला होता," त्या म्हणाल्या. "तिच्या पोरीला जुलाब लागलेले. मी निरोप मिळाल्या मिळाल्या निघाले. पण नाल्याला पाणी आलेलं. मी अलीकडे, ती पोरीला घेऊन पलीकडे. ओरडून ओरडून सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी दे, देत राहा. पाणी ओसरायला दुपार झाली." त्यांनी हेल्मेट नीट केलं. "तिने मला कधी बोल लावला नाही. तिला एकदा भेटायचं होतं."

मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले आणि पायडल मारलं.

शीळफाट्याच्या अलीकडे त्या पुन्हा थांबल्या. या वेळी त्यांचा चेहरा वेगळा होता, जरा बावरलेला. "माझी हद्द इथे संपायची," त्या म्हणाल्या. "इथून पुढे सायकलने मी कधी गेलेच नाही गं. ट्रक बघ केवढे."

"मी आहे ना," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या डाव्या बाजूने चला."

नियम मोडून मी त्यांच्या शेजारी आले. ट्रकच्या आणि त्यांच्यामध्ये माझी सायकल ठेवली. डोंगर कुठे जवळ येतो, मुंब्र्यात गर्दी कुठे सुरू होते, कुठे उतरून चालायचं, हे आता मी सांगत होते आणि त्या शाळकरी मुलीसारख्या ऐकत होत्या. जिथे मी म्हणेन तिथे उतरायच्या, म्हणेन तिथे बसायच्या.

कळव्याच्या पुलावर चढलो तेव्हा ऊन तापलं होतं. मधोमध येऊन काकूंनी सायकल कठड्याला लावली. खाली भरतीची खाडी, काठाला तिवरांची हिरवी दाटी, लांब कोलशेतच्या बाजूला पाणी आकाशाला टेकलेलं. एक होडी वल्हवत चाललेली. त्या कठडा धरून बघत राहिल्या. गाडीतून हा पूल त्यांनी कितीदा तरी ओलांडला असणार.

"केवढी आहे गं," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी इथवर पायाने आले."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. मी खाडीकडे बघितलंच नाही. मी त्यांच्याकडेच बघत होते.

नौपाड्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा सामान आवरायला घेतलेलं. दुरुस्तीचं शिबिर संपून गेलेलं. डॉक्टर फाटकात उभे होते. "अगं, फोन का नाही उचललास? आम्ही किती घाबरलो!" असं म्हणत त्यांनी काकूंची सायकल हातात घेतली. आमच्यासाठी झाकून ठेवलेल्या इडल्या गार झालेल्या. काकूंनी चार खाल्ल्या, वर चहा घेतला. उशीर का झाला हे डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगायला सुरुवात केली. आजूबाजूची माणसं एकेक करून थांबली, खुर्च्या उचलणारेही थांबले. काकूंना मात्र ते नकोसं झालं. "पुरे गं," म्हणून त्या बशी धुवायला नळाकडे गेल्या.

त्या आठवड्यात ऑफिसमध्ये बसून मी एका कागदावर काटई ते शीळफाटा या रस्त्यालगतची मला माहीत असलेली गावं लिहून बघितली. दोन लिहिली आणि पेन थांबलं. शनिवारी मी काकूंना फोन केला.

"उद्या राइड नाहीये," मी म्हटलं. "पण तुम्ही जाणार असाल तर मी येऊ?"

"ये की," त्या म्हणाल्या. "अजून चार गावं राहिलीत. आणि पोटभर खाऊन ये, लोक नुसत्या चहावर सोडतात."