दुशान्बेतला काठोकाठ चहा

माझ्या घरी चहाला आलेल्या माणसाला मी अर्धाच कप देते. निगडीतल्या आमच्या सोसायटीत त्यावरून माझी चांगलीच बदनामी आहे. परवा शेजारच्या सूनबाईनं तोंडावर विचारलं, "आजी, दूध संपलंय का?" मी म्हटलं, "नाही गं, तू आवडतेस म्हणून अर्धा." तिला वाटलं, म्हातारी फिरली. फिरली खरी, पण आत्ता नव्हे. सत्तरच्या दशकात, दुशान्बेला.

आमचे हे तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. नव्या मशिनी रशियाकडून यायच्या होत्या. त्या शिकून घ्यायला कंपनीनं काही जणांना ताजिकिस्तानात धाडलं. तो भाग तेव्हा रशियाच्याच राज्यात होता. काम लांबणारं, म्हणून बायकोला न्यायची मुभा मिळाली. बायको म्हणजे मी. कासारवाडीच्या फाटकापलीकडे एकटी कधी गेले नव्हते, पण अक्कल मात्र जगाला वाटून उरेल एवढी. निघताना सासूबाईंनी चहाची पूड बांधून दिली आणि बजावलं, "पाव्हण्याचा कप भरून बशीत उतरला पायजे. न्हाई उतरला तर त्यो म्हणंल, या घरात खायाला न्हाई. तिथं आमची अब्रू घालवू नको बाई."

रशिया म्हणजे बर्फ, म्हणून मी साडीवर दोन स्वेटर चढवून विमानातून उतरले. बाहेर आपल्या मे महिन्याचं ऊन. घाम पुसत पुसत मी ते शहर पहिल्यांदा पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच चिनार आणि त्यांच्या पायाशी पाटाचं पाणी वाहतंय. बायका त्यात बादल्या बुडवून दारापुढचा रस्ता शिंपडतायत. त्यांचे झगे असे रंगीबेरंगी, की माझी लग्नातली साडी फिकी पडावी. काहींनी हिरवट रंग लावून दोन्ही भुवया मधोमध जोडलेल्या. आणि कानावर शब्द येतायत बाजार, दुकान, दरवाजा, हवा! मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपले शब्द यांनी कधी पळवले?" हे म्हणाले, "हळू बोल. आपणच पळवले असतील."

तिथं पोचून थोडे दिवस झाले नाहीत तोच मला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी तब्येत बघून डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ नकार दिला. हे पहाटे शिफ्टला जात ते संध्याकाळी उगवत. घरात फोन नाही, मला रशियन येत नाही. मला होती ती एक खोला. खोला म्हणजे मावशी. तळमजल्यावरच्या त्या शेजारणीला सगळी इमारत याच नावानं हाक मारायची. रोज सकाळी ती गरम नान घेऊन वर यायची, स्वतःच्या हातानं तोडून मला भरवायची. एकदा तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीवर, आणि मग रस्त्याकडे बोट केलं. वेळ आली की मी नेईन. त्या एका खुणेवर माझं सगळं बाळंतपण टांगलेलं होतं.

एक दिवस तिनं मला खाली चहाला बोलावलं. तिथं कानाचे कप नसत, चिनीमातीच्या वाट्या असत. पियोला म्हणायचे तिला, आपला पेलाच तो. खोलानं वाटीत चहा ओतला आणि परत किटलीत टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा परत. असं तीनदा करून शेवटी माझ्या हातात दिला तो अर्ध्याहून कमी.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे फणफणले. "अहो, ती चहा देते आणि परत घेते! शेवटी दिला तो दोन घोट. दूध नाही, साखर नाही."

"गरीब असेल."

"गरीब कसली! तोंडभर सोन्याचे दात आहेत."

तर अशा या बाईला खरा पाहुणचार दाखवायचा मी विडा उचलला. दूध, साखर, सुंठ घालून चहा उकळला आणि तिची वाटी अशी काठोकाठ भरली की खालच्या ताटलीत तळं साचलं. सासूबाई असत्या तर त्यांनी माझी दृष्टच काढली असती. खोलानं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी फुलून, "घ्या, घ्या!" तिनं दोन घोट घेतले, छातीवर हात ठेवला, "रहमत" म्हणजे आभार म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. नान बंद. जिन्यात भेटली तर मान लववायची, तेवढंच.

"सुंठ लागली असेल का हो तिला?"

"तुझा चहा पिऊन माणसं पळतात, हे मला लग्नापासून ठाऊक आहे," हे म्हणाले. पण हसले नाहीत. माझं पोट वाढत होतं आणि आता हाक कुणाला मारायची, ते दोघांनाही सुचत नव्हतं.

एका दुपारी मी गॅलरीत बसले होते. खाली अंगणात बाजेसारखा मोठा लाकडी चौथरा होता, त्यावर खोलाकडे एक म्हातारबुवा गप्पा हाणत बसले होते. उठायचं नाव नाही. खोलाची भाकरी तंदुरात जळायची वेळ आली. तिनं शांतपणे किटली उचलली आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली. म्हातारबुवांनी वाटीकडे पाहिलं, कपाळावर हात मारून खो खो हसले आणि टोपी सावरत चालते झाले.

मी जागच्या जागी थिजले. काठोकाठ म्हणजे 'प्या आणि निघा'! अर्धी वाटी म्हणजे 'बसा, मी पुन्हा पुन्हा ओतेन'. आणि मी त्या माउलीला नुसतं निघा म्हटलं नव्हतं, ताटलीभर निघा म्हटलं होतं.

तशीच उठले, चहा केला, किटली आणि वाटी घेऊन, पोट सांभाळत जिना उतरले. तिच्यापुढे बसून वाटीत चहा ओतला. आता चूक नको, म्हणून ओतला तो जेमतेम चमचाभर. वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. खोला वाकून बघत राहिली, जणू तो चहा हरवलाय. मग मी काठोकाठची खूण केली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तिला उलगडलं मात्र, ती अशी हसली की सोन्याचे सगळे दात मला एकदम दिसले. डोळे पुसत तिनं माझ्या हातातली किटली घेतली, चहा तीनदा ओतून परत टाकला आणि अर्धी वाटी माझ्यापुढे धरली. पानांचा रंग उतरावा म्हणून असं ओततात, दुधाच्या चहाला ते लागत नाही, हे तिलाही माहीत असणार.

कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी. हे कारखान्यात. मी जिन्यातून एकच हाक मारली. खोला पिठाच्या हातांनी धावली आणि रस्त्यात आडवी उभी राहून तिनं नान पोचवणारी गाडी थांबवली. गरम पावांच्या वासात कण्हत मी प्रसूतिगृहात पोचले. तिथं आत कुणाला सोडत नसत, नातेवाइकांनी खिडकीखाली उभं राहायचं. मुलगी झाल्यावर मी खिडकीशी आले, तर खाली आमचे हे बावरलेले आणि शेजारी खोला. तिनं पिशवीतून वाटी काढून मला वर करून दाखवली. रिकामी. म्हणजे घरी ये, अर्धी-अर्धी ओतायची आहे.

पुढं काम संपलं. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, तरी मी खोलाकडेच. तिनं दोन घोट ओतले, मी प्यायले. पुन्हा दोन घोट. बाहेर भोंगा वाजत होता, हे ओरडत होते, "अगं, विमान चुकेल!" खोलाला काय ते ऐकू येत नव्हतं? एकदा वाटी भरून दिली असती, तर मी मुकाट उठले असते. तिनं भरली नाही. अर्धीच ओतत राहिली. शेवटी ह्यांनीच आत येऊन पोरीला उचललं, आणि मी वाटीत चहा तसाच ठेवून निघाले.