कॅमेऱ्याचं कातडं आणि कूलरसमोरची खुर्ची

गजभिये भाऊंनी कॅमेरा माझ्या काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. कॅमेरा काउंटरवर राहिला. त्याचं कातडं मात्र भाऊंच्या तळहाताला चिकटून परत गेलं.

“पाह्यलं?” ते म्हणाले. “पुन्हा.”

मी पाहिलं. पाहण्यासारखंच होतं. त्याच महिन्यात मी तो कॅमेरा दोनदा चिकटवून दिला होता, आणि दोन्ही वेळा “आता दहा वर्षं बघायला नको” असं छातीठोक सांगितलं होतं.

कॅमेऱ्याला कातडं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आतून तो नुसता धातूचा डबा. त्यावर काळं, खरबरीत कातडं किंवा रेक्झिन चिकटवतात. हात घसरू नये आणि डबा दिसायला बरा दिसावा म्हणून. गंमत अशी की डबा उघडायचे बरेचसे स्क्रू त्याच कातड्याखाली दडवलेले असतात. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात सोलण्यापासून होते आणि शेवट चिकटवण्यात. सीताबर्डीच्या गल्लीतल्या माझ्या दुकानाला ‘कॅमेरा क्लिनिक’ अशी पाटी होती. आमची मंडळी घरी त्याला खाटिकखाना म्हणत.

पहिल्यांदा मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन वापरलं. ते सुटलं. बरोबर आहे, म्हटलं, नागपूरचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर पातळ होतं तिथे सोल्युशनची काय कथा. दुसऱ्यांदा चपलांचं पिवळं सोल्युशन आणलं. त्याने चिकटवलेले बाकी गिऱ्हाइकांचे कॅमेरे छान चालले होते. भाऊंचाच तेवढा सुटला.

“तुम्ही याला करता काय?” मी विचारलं.

“मी? काय करून राहिलो?” भाऊ दुखावले. “लेकरापेक्षा जास्त जपतो याले. माह्या पोरायले विचारा.”

एरवी मी पुन्हा चिकटवून मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी शनिवार होता आणि भाऊंचा चेहरा उतरला होता. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी कामासाठी खटपट चालवली होती. सगळ्या कामगारांची ओळखपत्रं, मशीनचे फोटो, निरोपसमारंभ, सगळं एकाच फोटोग्राफरकडे जाणार होतं. लग्नाचा सीझन दोन-तीन महिन्यांचा. बाकीचं वर्ष भाऊ लोकांच्या बारशांची वाट पाहत बसत. कारखाना मिळाला तर ही वाट पाहणं संपणार होतं. नमुन्याचे फोटो मॅनेजरला आवडले होते. मग त्याची नजर लोंबणाऱ्या कातड्यावर गेली.

“काय म्हणे तो?”

“म्हणे, गजभिये, ज्याचा कॅमेराच फाटका, त्याच्यासमोर माझे कामगार उभे कसे करू? सोमवारी नीट करून आणा. नाही तं दुसरा पाहतो.”

मी कातडं तात्पुरतं बसवून दिलं आणि म्हटलं, “उद्या दुपारी मीच तुमच्या घरी येतो. तुमचा कॅमेरा माझ्याकडे बरा होतो आणि तुमच्या घरी आजारी पडतो. घर बघितल्याशिवाय औषध नाही.” डॉक्टरी बोलण्याची मला तेव्हा सवयच होती. पाटीमुळे असेल.

रविवारी भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, स्कूटरवर हत्यारांची पिशवी घेऊन नंदनवन वस्तीत भाऊंच्या घरी पोचलो. आमच्याकडे उन्हाळ्यात एक रीत आहे. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि कूलरसमोर बसवायचं. त्याशिवाय त्याला कामाचं विचारायचं नाही. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, पाणी दिलं. मी कूलरकडे वळलो. समोर एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर कोणीतरी बसलेलं होतं.

कॅमेरा.

टर्किश टॉवेलची घडी, तिच्यावर कॅमेरा, आणि ओल्या वाळ्यातून येणारा गारेगार वारा थेट त्याच्या तोंडावर.

“आत्ताच बाहेरून आला ना तो,” भाऊ म्हणाले. “सकाळी एका वास्तुशांतीचं काम होतं. उनातून आल्यावर आधी त्याले बसवतो. तापला राह्यते बिचारा.”

“रोज?”

“रोज,” उत्तर वहिनींनी दिलं. “भाऊजी, कूलर घेतला तवापासून आमच्या अंगावर वारा नाही आला. मी विचारलं, अवो, मले काहून बसू देत नाही? तं म्हणे, तू काय जपानची आहेस?”

मी खुर्चीपाशी खाली बसलो आणि कातड्याची कड नखाने उचलली. नख लागायच्या आधीच ती उठली. आतलं कापडी अस्तर दमट होतं. आमच्या गच्च्यांवर मे महिन्यात पापड वाळतात, तेवढं डोळ्यांसमोर आणा. ओला पापड उन्हात टाकला की कडेने वळतो. वाळलेला पापड ओलीत ठेवला की लुळा पडतो. भाऊंचा पापड दिवसातून दोनदा हे दोन्ही करत होता. उन्हात आकसायचा, कूलरसमोर फुगायचा. कोणतं सोल्युशन टिकणार?

भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ कूलरकडे एखाद्या दगाबाज मित्राकडे पाहावं तसे पाहत राहिले.

कारण सापडलं, पण कातडं गेलंच होतं. आकसून आकसून ते आता कडेपर्यंत पोचेना. चारी बाजूंनी धातू दिसत होता, तोकड्या पायजम्यातून घोटे दिसावेत तसा. नवं कातडं मुंबईहून मागवावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगणा.

“काळं रेक्झिन पाहिजे. पातळ. दाणेदार,” मी म्हटलं. “स्कूटरच्या सीटचं जाड होतं. घरात काही आहे का?”

भाऊ इकडेतिकडे पाहू लागले. पाहता पाहता त्यांची नजर खुंटीवर थांबली. खुंटीला वहिनींची पर्स होती.

“ते पाहू नका,” वहिनी म्हणाल्या.

“अवं, माह्या कामाचा सवाल आहे.”

“माह्या भावानं देल्ली ते.”

“तुह्या भावाले मी सांगतो ना.”

“माह्या भावाले तुम्ही काय सांगान? तुम्ही समोर आले तं तो मागच्या दारानं जाते.” वहिनींनी पर्स खुंटीवरून काढली, आतलं सामान पदरात घेतलं आणि पर्स भाऊंच्या हातात न देता माझ्या हातात दिली. “घ्या भाऊजी. पण एक गोष्ट. आजपासून कूलरसमोरची खुर्ची माही.”

“दिली,” भाऊ म्हणाले.

“तुमाले नाही विचारलं. भाऊजी, तुम्ही डॉक्टर ना? तुम्ही सांगा यायले.”

“कॅमेऱ्याला कोरडं कपाट, वहिनींना कूलर,” मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं एवढंच एक प्रिस्क्रिप्शन अचूक निघालं.

मग मी पर्स सोलली. उजव्या हाताकडचा तुकडा आधी कापला. पकड तिथे लागते, म्हणून साधा, बिनडागाचा भाग घेतला. उत्तम बसला. मग डाव्या बाजूचा कापायला घेतला आणि लक्षात आलं की उरलेल्या रेक्झिनच्या मधोमध एक सोनेरी फूल आहे. ते टाळून पुरेसा तुकडा निघेना. फुलासकट चिकटवला. सोल्युशन पक्कं वाळल्यावर मला सुचलं की फुलाचा तुकडा उजवीकडे लावला असता तर ते भाऊंच्या बोटांखाली लपलं असतं. डावीकडे ते समोरच्या माणसाला अगदी ठळक दिसणार होतं. वर बूटपॉलिश फासलं. त्याने एवढंच झालं की फुलाला चमक आली.

“दिसते काय?” भाऊंनी विचारलं.

“कोण बघतं?” मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य नेहमी चुकीचं ठरतं.

सोमवारी दिवसभर माझं दुकानात लक्ष नव्हतं. संध्याकाळी भाऊ आले. कातडं पक्कं होतं. मॅनेजरने कॅमेरा हातात घेऊन पाहिला, फुलावर बोट फिरवलं आणि विचारलं, “ये क्या है?”

“मग?”

“मी म्हटलं, साहेब, नवीन मॉडेल आहे.”

कामगारांची रांग लागली. एकेक जण खुर्चीत बसायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचा आणि ओळखपत्राला शोभेल असा कडक चेहरा करायचा. तेवढ्यात फूल दिसायचं. बायकोच्या, बहिणीच्या पर्सवरचं फूल कोणाला ओळखू येत नाही? ओठ हलायचे. भाऊंना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, आपला स्वभाव चांगला आहे म्हणून लोक हसतात.

दोन दिवसांनी फोटो धुऊन आले. झाडून सगळे हसत होते. मॅनेजरने गठ्ठा टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला.

“गजभिये, फोटो एकदम साफ आहेत. पण वॉचमनने या लोकांना ओळखायचं कसं? सकाळच्या शिफ्टला माझ्या गेटवर या चेहऱ्याचा एकही माणूस येत नाही. पुन्हा काढा.”

हे सांगायला भाऊ पुन्हा दुकानात आले तेव्हा रडवेले झाले होते. मी मात्र त्यांच्यासाठी चहा मागवला. धंद्यात मुरलेल्या माणसाला माहीत असतं, नाराज गिऱ्हाईक ‘राहू द्या’ म्हणतं. ‘पुन्हा काढा’ म्हणणारा आपला झाला. आणि झालाच. मी फुलावर काळी इन्सुलेशन टेप लावून दिली. ती रविवारीच का सुचली नाही, हे मला विचारू नका. भाऊंनी सगळे फोटो पुन्हा काढले, या वेळी चेहरे रीतसर चिडलेले आले, आणि पुढे कितीतरी वर्षं हिंगण्याचं काम भाऊंकडेच राहिलं.

मुंबईहून कातडं आल्यावर मी निरोप पाठवला. भाऊ आले नाहीत. वहिनींचा उलट निरोप आला: पर्स आहे तिथंच राहू द्या, काढली तर खुर्चीचा करार मोडतो.

आता डिजिटलचे दिवस आले. परवा माझी पुतणी तिचा कॅमेरा घेऊन आली. पकडीचं रबर फुगून सुटलं होतं. “काका, कोणता गोंद लावू?”

मी चष्मा वर केला. गोंदाचं नंतर बघू, म्हटलं. गोंद हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न मी त्या उन्हाळ्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत आलो आहे.

“तुमच्याकडे कूलरसमोर कोण बसतं?”

तिने कॅमेरा जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, “तो फार गरम होतो ना, काका.”